कापसाच्या तंतूंवर चिकटलेले जीएफपी-जोड प्रथिन कसे मोजावे? द्रवातील आकडे आणि कन्फोकलचे चित्र जुळत नाही

कपाशी (प्रश्न)

नमस्कार. सेल्युलोजला चिकटणारे एक प्रथिन कापसाच्या तंतूवर किती प्रमाणात आणि किती घट्ट बसते, हे मोजण्याचे काम मी करते आहे. दोन पद्धतींनी मला दोन वेगळी उत्तरे मिळत आहेत आणि त्यांपैकी कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवावा हे ठरवता येत नसल्यामुळे हा प्रश्न सविस्तर मांडते आहे.

माझे प्रथिन जोडप्रथिन आहे. त्याचा एक भाग म्हणजे क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम या जिवाणूच्या सेल्युलोसोममधील (सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांच्या समूहातील) सीबीएम ३ए, म्हणजे स्फटिकमय सेल्युलोजच्या सपाट पृष्ठभागावर बसणारा बंधक भाग, आणि दुसरा भाग म्हणजे ईजीएफपी, म्हणजे जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे अधिक तेजस्वी रूप. दोन्ही मिळून रेणुभार साधारण ४५ किलोडाल्टन आहे. प्रथिन ई. कोलायमध्ये तयार करून निकेलच्या स्तंभावर शुद्ध केले आहे आणि जेलवर एकच पट्टी दिसते. तंतूंचे दोन नमुने आहेत: एक केवळ अल्कलीत उकळून मेण व पेक्टिन काढलेला कापूस आणि दुसरा त्याच गाठीतला, पण त्यानंतर मर्सराइझ केलेला, म्हणजे तीव्र कॉस्टिक सोड्यात फुगवलेला कापूस.

पहिली पद्धत द्रवात उरलेले प्रथिन मोजण्याची आहे. १० मिलिग्रॅम तंतू १ मिलिलिटर द्रावणात घालून (५० मिलिमोलर सोडियम अ‍ॅसिटेट, पीएच ५.०) २५ अंश सेल्सिअसला एक तास हळू फिरवत ठेवते, नंतर सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव प्लेट रीडरमध्ये मोजते आणि घातलेल्या प्रथिनातून उरलेले प्रथिन वजा करते. प्रथिनाची संहती ०.२५ ते ८ मायक्रोमोलर ठेवली आहे. कमी संहतीला घट स्पष्ट दिसते, परंतु ४ मायक्रोमोलरच्या पुढे बिंदू इतके विखुरतात की मर्सराइझ केलेल्या नमुन्यात चिकटलेले प्रथिन काही वेळा शून्याच्याही खाली येते. त्यामुळे वक्र सपाट कोठे होतो हेच कळत नाही.

दुसरी पद्धत कन्फोकल सूक्ष्मदर्शकाची आहे. त्याच तंतूंना तीन वेळा बफरने धुऊन, काचपट्टीवर त्याच बफरमध्ये ठेवून चित्रे घेतली, तर मर्सराइझ केलेले तंतू दर पिक्सेलला साध्या तंतूंच्या जवळजवळ दुप्पट चमकदार दिसतात. द्रवाच्या मोजमापात मात्र दोन नमुन्यांत असा फरक मुळीच दिसत नाही.

पीएच ५ मी मुद्दाम निवडला आहे, कारण पुढच्या टप्प्यात याच तंतूंवर बुरशीजन्य सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारे विकर) वापरायचे आहे आणि परिस्थिती सारखी ठेवण्याची इच्छा आहे. चमक ही चिकटलेल्या प्रथिनाचे माप मानता येईल का, आणि नसेल तर द्रवाची पद्धत कशी सुधारावी, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

बंधमापन

नमस्कार. आपण संहत्या आणि वजने दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. चित्राचा विचार थोडा बाजूला ठेवून मी आधी द्रवाच्या पद्धतीकडे वळतो, कारण तिथली अडचण साध्या हिशेबाने दिसते.

तंतूच्या बाह्य पृष्ठभागावर प्रथिनाचा एकच थर बसतो असे धरून तो किती रेणू धरू शकेल ते काढू. तंतूला १५ मायक्रोमीटर व्यासाचा गोल दांडा मानले आणि सेल्युलोजची घनता १.५४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर घेतली, तर एका ग्रॅमला साधारण ०.१७ चौरस मीटर बाह्य पृष्ठभाग मिळतो. आपल्या प्रथिनाचा एक रेणू सुमारे २० चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो असे धरू. जीएफपीचे पिंप सुमारे २.४ नॅनोमीटर जाड आणि ४.२ नॅनोमीटर लांब असते, तेव्हा हा अंदाज फार चुकीचा नाही. यावरून एका ग्रॅमवर सुमारे १४ नॅनोमोल प्रथिन बसते, म्हणजे आपल्या १० मिलिग्रॅम तंतूंवर ०.१४ नॅनोमोल. आता १ मिलिलिटर ८ मायक्रोमोलर द्रावणात एकूण ८ नॅनोमोल प्रथिन असते. तंतू पूर्ण भरले तरी द्रवातले प्रथिन दोन टक्क्यांहूनही कमी घटेल. पिपेटची आणि प्लेट रीडरची एकत्रित त्रुटी तेवढी सहज असते, त्यामुळे काही बिंदू शून्याखाली जाणे हे अपेक्षितच आहे. खऱ्या तंतूचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने प्रत्यक्ष आकडा यापेक्षा मोठा निघेल, पण परिस्थितीचे स्वरूप त्याने बदलत नाही.

या पद्धतीचे बहुतेक वर्णन अ‍ॅव्हिसेल (सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोजची भुकटी), फॉस्फोरिक आम्लात फुगवलेले सेल्युलोज किंवा कोमागाटाइबॅक्टर या जिवाणूने तयार केलेले सेल्युलोज यांसाठी लिहिलेले आहे. या पदार्थांचा प्रथिनाला उपलब्ध असलेला पृष्ठभाग कापसाच्या अखंड तंतूपेक्षा कितीतरी अधिक असतो. तेथील कृती जशीच्या तशी कापसावर लावली की हीच अडचण उभी राहते. उपाय म्हणजे तंतू वाढवणे आणि द्रव कमी करणे. ५० मिलिग्रॅम तंतू अर्ध्या मिलिलिटरमध्ये घेतले, तर तंतू आणि द्रवाचे गुणोत्तर दहापट होते आणि वरच्या संहतीलाही वीसएक टक्क्यांच्या आसपास घट मिळू शकते, जी खात्रीने मोजता येते.

यापेक्षाही मला अधिक काळजी वाटते ती पीएच ५ ची. ईजीएफपीच्या चमकेचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू चमकणाऱ्या रूपात असतात तो, ६ च्या आसपास असतो. पीएच ५ ला त्याच्या रेणूंपैकी सुमारे ९ टक्केच चमकणाऱ्या रूपात असतात आणि पीएच ८ ला जवळजवळ सगळे. केवळ चमक कमी होण्याने बिघडत नाही. बिघडते ते असे की या भागात वक्र अतिशय चढा असतो. पीएच ०.१ ने वाढला तरी चमक वीस टक्क्यांहून अधिक वाढते. तंतूंतून थोडी अल्कली द्रवात आली, तर उरलेले प्रथिन प्रत्यक्षाहून जास्त दिसेल आणि चिकटलेले कमी. म्हणून बंधन पीएच ५ ला होऊ द्यावे, पण मोजण्यापूर्वी वरचा द्रव पीएच ८ च्या ट्रिस बफरमध्ये भरपूर विरल करावा आणि प्रमाण द्रावणेही अगदी त्याच मिश्रणात करावीत. या विरलनाचा आणखी एक फायदा आहे. पीएच ८ ला ईजीएफपीचा मोलर शोषणांक सुमारे ५५,००० असतो, त्यामुळे ८ मायक्रोमोलर द्रावणाचे शोषण एक सेंटिमीटर मार्गात ०.४४ च्या घरात जाते. अशा द्रावणात उद्दीपक प्रकाश आतपर्यंत पोहोचेपर्यंतच कमी होतो आणि संहती व चमक यांचे सरळ प्रमाण राहत नाही. मोजणीच्या वेळी संहती अर्ध्या मायक्रोमोलरच्या खाली असेल तर हा प्रश्न उरत नाही.

धागादोरा

वरील उत्तरातील पृष्ठभागाच्या हिशेबात वस्त्ररसायनाच्या बाजूने थोडी दुरुस्ती सुचवतो. कापसाचा पक्व तंतू गोल दांडा नसतो. बोंड उघडून तंतू वाळला की तो चपटा होतो, पीळ घेतो आणि त्याचा छेद घेवड्याच्या दाण्यासारखा दिसतो. म्हणून व्यासावरून न जाता मायक्रोनेअरवरून, म्हणजे ठरावीक लांबीच्या तंतूच्या वजनाच्या मापावरून, जाणे अधिक बरे. मायक्रोनेअर ४ म्हणजे एका इंचाला ४ मायक्रोग्रॅम, अर्थात एका किलोमीटरला सुमारे ०.१६ ग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम कापसात सहा किलोमीटरहून थोडा अधिक तंतू असतो. छेदाचा घेर ५० मायक्रोमीटर धरला तर पृष्ठभाग ०.३ चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या जवळ येतो, म्हणजे वरच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट, आणि प्रथिनाचा एक थर सुमारे २६ नॅनोमोल प्रति ग्रॅम होतो. मूळ निष्कर्ष तरीही कायम राहतो: ८ मायक्रोमोलरला घट तीन-साडेतीन टक्क्यांपलीकडे जात नाही. आपल्या गाठीचा मायक्रोनेअर माहीत नसेल तर तो मोजून घ्यावा. देशी वाणांचा तंतू अमेरिकन वाणांपेक्षा जाड असतो, त्यामुळे त्यांचा दर ग्रॅमचा बाह्य पृष्ठभाग कमी भरतो. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे; तंतूची सूक्ष्मता, पक्वता आणि छेद मोजण्याच्या रूढ पद्धती तिथल्या कामात पाहायला मिळतात.

मर्सराइझ करण्याच्या परिणामाकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण आपले दोन्ही नमुने याच एका प्रक्रियेने वेगळे झाले आहेत. जॉन मर्सरने १८५० मध्ये जिचे पेटंट घेतले ती ही प्रक्रिया तीव्र कॉस्टिक सोड्यात होते. तिच्यामुळे तंतू फुगतो, पीळ सुटतो, छेद गोलसर होतो, मधली पोकळी आक्रसते आणि सेल्युलोज एकची स्फटिकरचना बऱ्याच अंशी सेल्युलोज दोनमध्ये बदलते. शिवाय स्फटिकमय भागाचे प्रमाण घटते आणि पाणी धरण्याची क्षमता वाढते. म्हणजे केवळ पृष्ठभाग बदलत नाही, तर प्रथिन ज्या सपाट स्फटिकी पृष्ठावर बसते त्या पृष्ठाचे स्वरूपही बदलते. दोन नमुन्यांत प्रथिन सारखेच बसेल असे गृहीत धरण्याचे कारण नाही, आणि दुप्पट बसेल असेही नाही.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली वजनाची. प्रयोगशाळेच्या हवेत ठेवलेला साधा कापूस सुमारे सात-आठ टक्के ओलावा धरतो आणि मर्सराइझ केलेला त्याहून अधिक. म्हणून दोन्ही नमुन्यांचा वेगळा भाग १०५ अंशांवर स्थिर वजन येईपर्यंत वाळवून ओलावा काढावा आणि सर्व आकडे कोरड्या वजनावर सांगावेत. हा वाळवलेला भाग बंधनाच्या प्रयोगात मात्र वापरू नये, कारण कडक वाळवण्याने तंतूतील सूक्ष्म छिद्रे मिटतात आणि पुन्हा भिजवल्यावर ती पूर्णपणे उघडत नाहीत. दुसरी गोष्ट शिल्लक अल्कलीची. मर्सराइझ केलेल्या तंतूच्या आतून कॉस्टिक काढणे वाटते त्यापेक्षा कठीण असते, आणि पीएचबद्दल वर जे लिहिले आहे ते वाचून मला प्रथम हीच शंका आली. प्रथिन न घालता नुसते तंतू बफरमध्ये तासभर ठेवून पीएच मोजावा. ही चाचणी दहा रुपयांचीही नाही आणि तिच्यावाचून पुढे जाऊ नये.

बाजारातले पांढरे सुती कापड नमुना म्हणून वापरण्याचा विचार कधी आला, तर तो टाळावा. त्यावरील प्रकाशवर्धक रसायने निळ्या भागात स्वतःच चमकतात आणि खळीचा स्टार्च तंतूचा पृष्ठभाग झाकतो.

सूक्ष्मदृष्टी

आता चित्राबद्दल. दर पिक्सेलची चमक ही तंतूवर चिकटलेल्या प्रथिनाचे माप मानता येणार नाही, निदान आपल्या या दोन नमुन्यांच्या तुलनेत तरी नाही, आणि त्याची कारणे नीट समजून घेणे हिताचे आहे. कारण चित्र डोळ्यांना पटते आणि मग आकड्यांवर अविश्वास बसू लागतो.

कन्फोकलमध्ये आपण एका पातळ प्रतलातून येणारा प्रकाश गोळा करतो. चपट्या, पिळलेल्या तंतूचा पृष्ठभाग त्या प्रतलाला कधी आडवा भेटतो आणि कधी उभा. जिथे तो उभा असतो तिथे एकाच पिक्सेलमध्ये अधिक पृष्ठभाग सामावतो आणि कड चमकते. गोलसर तंतूत ही कड सर्वत्र एकसारखी आणि सलग दिसते. म्हणजे प्रथिनाची दाटी अगदी समान असली तरी आकार बदलल्याने दर पिक्सेलची सरासरी बदलू शकते. त्यात सेल्युलोजचा अपवर्तनांक तंतूच्या दिशेने १.५८ च्या आसपास आणि आडव्या दिशेने १.५३ च्या आसपास असतो, तर पाण्याचा १.३३. एवढ्या फरकामुळे तंतूच्या खालच्या बाजूचा प्रकाश वळतो, विखुरतो आणि काही अंशी हरवतो. किती हरवतो हे तंतूच्या आतल्या रचनेवर अवलंबून असते, आणि तीच तर मर्सराइझ केल्याने बदललेली आहे.

म्हणून पिक्सेलची सरासरी सोडून द्यावी. तंतूच्या वरपासून खालपर्यंत सर्व प्रतले घ्यावीत, सर्व प्रतलांची बेरीज करावी आणि ती तंतूच्या लांबीने भागावी. दर मिलिमीटर तंतूला किती चमक हा आकडा मायक्रोनेअरच्या मदतीने दर ग्रॅममध्ये बदलता येतो आणि तेव्हाच तो द्रवाच्या आकड्याशेजारी ठेवण्याजोगा होतो. डिटेक्टर कोठेही संपृक्त होत नाही हे पाहावे, लेझरची शक्ती आणि गेन दोन्ही नमुन्यांना अगदी एकच ठेवावेत आणि प्रथिन न लावलेल्या तंतूंची चित्रेही घ्यावीत. शुद्ध कापसाची स्वतःची चमक अल्प असते, पण ती शून्य नसते. लिग्निन असलेले ज्यूट किंवा लाकडाचे तंतू असते तर हिरव्या भागातही ती मोठी अडचण ठरली असती.

धुण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. द्रवाची पद्धत समतोलाच्या अवस्थेत मोजते, म्हणजे तंतूभोवती मुक्त प्रथिन असताना. आपले चित्र मात्र तीन वेळा धुतल्यानंतरचे आहे. धुण्याने मुक्त प्रथिन निघून जाते आणि सैल बसलेले प्रथिनही सुटू लागते. दोन नमुन्यांत सुटण्याचा वेग वेगळा असेल तर धुतल्यानंतरचे गुणोत्तर समतोलातल्या गुणोत्तरापेक्षा वेगळे येणारच. शक्य असेल तर न धुता, कमी संहतीच्या द्रावणातच चित्र घ्यावे. कन्फोकलचा फायदाच हा आहे की पार्श्वभूमीची चमक मर्यादित राहते आणि ती शेजारच्या रिकाम्या भागातून मोजून वजा करता येते.

आणि पीएच ५ ची अडचण येथेही तशीच लागू आहे. चिकटलेला ईजीएफपी मोजताना तंतूलगतचा पीएच ठरवतो की तो किती चमकेल. मर्सराइझ केलेल्या तंतूतून अल्कली झिरपत असेल, तर तो नमुना अधिक चमकदार दिसेल आणि त्याच वेळी द्रवाच्या पद्धतीत कमी प्रथिन चिकटल्यासारखे भासेल. चित्रात मर्सराइझ केलेला नमुना दुप्पट चमकतो आणि द्रवात तो फरक दिसतच नाही, ही गोष्ट मला सूचक वाटते.

कपाशी

सर्वांचे मनापासून आभार. धागादोरा यांनी सुचवलेली चाचणी लगेच केली. साध्या कापसाच्या द्रवाचा पीएच ५.०० वरच राहिला, मर्सराइझ केलेल्या कापसाचा ५.०८ झाला. फरक इतका लहान आहे की तो मला एरवी दखल घेण्याजोगा वाटला नसता.

आता मी ५० मिलिग्रॅम तंतू आणि अर्धा मिलिलिटर द्रव अशी रचना करते आहे. त्यासंबंधी तीन शंका आहेत. एवढे तंतू इतक्या कमी द्रवात असताना तंतूंनी शोषलेल्या पाण्याचा हिशेब कसा करावा? वक्राला लँगम्युअरचे समीकरण (सारख्या, स्वतंत्र जागांवर एकेक रेणू बसतो असे मानणारे) लावावे की दुसरे काही? आणि पुढच्या कामासाठी पीएच ५ सोडता येत नसल्यामुळे ईजीएफपी काढून त्याजागी रासायनिक रंगद्रव्य जोडणे शहाणपणाचे होईल का?

बंधमापन

पाण्याची शंका रास्त आहे. तंतूच्या आतील बरीचशी छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाणी आत जाते, परंतु ४५ किलोडाल्टनचे प्रथिन जाऊ शकत नाही. असे पाणी दर ग्रॅमला ०.३ ग्रॅम आहे असे उदाहरणादाखल धरले, तर ५० मिलिग्रॅम तंतू १५ मायक्रोलिटर पाणी प्रथिनापासून दूर ठेवतात आणि उरलेल्या द्रवातील संहती तीन टक्क्यांनी वाढते. प्रथिन मुळीच चिकटले नाही तर उत्तर ऋण येईल. ही दुरुस्ती अंदाजाने करू नये. बंधक भाग नसलेला नुसता ईजीएफपी त्याच तंतूंसोबत, त्याच संहत्यांना ठेवावा. शुद्ध सेल्युलोजला तो फारसा चिकटत नाही, म्हणून त्याच्या संहतीत दिसणारी वाढ म्हणजे वगळलेल्या पाण्याचे माप. नळीच्या प्लास्टिकला चिकटून होणारी घट वेगळी काढण्यासाठी तंतू न घातलेल्या नळ्या ठेवाव्यात, आणि ती घट लक्षणीय असेल तर सर्व नळ्यांत थोडे बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिन) घालावे.

समीकरणाबद्दल सर्वप्रथम हे पाहावे की आडव्या अक्षावर मुक्त प्रथिनाची संहती आहे, घातलेल्या एकूण प्रथिनाची नव्हे. तंतू वाढवल्यावर कमी संहतीला बरेचसे प्रथिन तंतूवर गेलेले असेल, त्यामुळे या दोन संहत्यांत मोठा फरक पडेल आणि एकूण संहतीवर काढलेला केडी (निम्म्या जागा भरण्यास लागणारी मुक्त प्रथिनाची संहती) प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा येईल. एका प्रकारच्या जागांचे लँगम्युअर समीकरण आधी लावून पाहावे, आणि मग मोजलेले बिंदू व वक्र यांतील फरक संहतीप्रमाणे पद्धतशीर वळतो का ते तपासावे. स्फटिकमय सेल्युलोजवर तो बहुधा वळतो. त्यासाठी दोन प्रकारच्या जागा मानण्याची घाई करू नये. सेल्युलोजचा पृष्ठभाग म्हणजे सुट्या जागा नव्हेत, तर सेलोबायोजच्या (ग्लुकोजच्या जोडीच्या) एककांची सलग जाळी आहे, आणि प्रत्येक रेणू अनेक एकके व्यापतो. पृष्ठभाग भरू लागला की उरलेल्या फटी रेणूला बसण्याइतक्या रुंद राहत नाहीत. त्यामुळे एकाच प्रकारचे बंधन असूनही स्कॅचर्ड आलेख (चिकटलेल्या व मुक्त प्रथिनाचे गुणोत्तर विरुद्ध चिकटलेले प्रथिन) सरळ न राहता वाकतो. सेल्युलोमोनास फिमी या जिवाणूच्या सेल्युलेजवरील १९९२ च्या अभ्यासात हा विचार मांडला गेला आणि मला तो आजही अधिक पटतो. दोन प्रकारच्या जागा मानल्यावर मिळणारे चार स्वतंत्र अंकांचे समीकरण कोणत्याही वक्रावर बसते; त्यातून तंतूबद्दल काही कळले असे म्हणता येत नाही.

बंधन परतणारे आहे की नाही हे तपासल्याशिवाय केडी हा शब्द वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समतोल आल्यावर वरच्या द्रवाचा काही भाग काढून तेवढाच नुसता बफर घालावा, पुन्हा समतोल येऊ द्यावा आणि नवा बिंदू जुन्याच वक्रावर पडतो का ते पाहावे. ट्रायकोडर्मा रीझी बुरशीच्या मुख्य सेलोबायोहायड्रोलेजचा बंधक भाग असा खरोखर परततो, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. सेल्युलोमोनास फिमीचे बंधक भाग विरलनाने सहज सुटत नाहीत, तरीही ते जागच्या जागी खिळलेले नसतात. १९९७ मध्ये व्हॅलोनिया शैवालाच्या सेल्युलोज स्फटिकांवर फ्लुरोसंट खूण लावलेली प्रथिने लेझरने एका ठिपक्यावर विझवून, चमक परत येण्याचा वेग मोजला गेला, तेव्हा त्यांतील बहुतांश प्रथिने पृष्ठभागावरून सरकत असल्याचे दिसले. आपल्याकडे कन्फोकल आहेच, तेव्हा मर्सराइझ केलेल्या आणि साध्या तंतूंवर हाच प्रयोग करून पाहावा. प्रमाण मोजण्यापेक्षा या कामासाठी ते यंत्र कितीतरी अधिक योग्य आहे. फक्त तंतूभोवती मुक्त प्रथिन असताना परत येणारी चमक ही सरकण्यामुळे आली की द्रवातील नव्या रेणूंनी जागा घेतल्यामुळे, हे वेगळे करण्यासाठी धुतलेल्या तंतूवरही मोजणी करावी.

एक तास पुरतो का, हेही पाहावे. बाह्य पृष्ठभाग काही मिनिटांत भरतो, पण मर्सराइझ केलेल्या तंतूच्या मोठ्या छिद्रांत प्रथिन हळूहळू शिरत असेल तर आकडा काही तास वाढत राहील. एकाच संहतीला वेगवेगळ्या वेळी मोजून वक्र स्थिरावतो कोठे ते ठरवावे.

सूक्ष्मदृष्टी

तिसऱ्या शंकेबद्दल. रासायनिक रंगद्रव्याकडे जाण्यापूर्वी ईजीएफपीऐवजी एमचेरी हे लाल चमकणारे प्रथिन जोडून पाहावे. त्याचा पीकेए ४.५ च्या खाली असल्याने पीएच ५ ला त्याची चमक बऱ्यापैकी टिकते, आणि प्रत्येक रेणूला नेमकी एकच खूण असते. हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे.

रंगद्रव्य जोडायचेच असेल तर फ्लुरोसीन घेऊ नये, कारण त्याचा पीकेएही ६.४ च्या घरात असल्याने तीच अडचण पुन्हा येईल. अ‍ॅलेक्सा फ्लुओर ४८८ या भागात पीएचने फारसे बदलत नाही. लायसिन या अमिनो आम्लाला जोडणारी रंगद्रव्ये एका रेणूला शून्य, एक, दोन अशी वेगवेगळ्या संख्येने बसतात, आणि सेल्युलोजला टेकणाऱ्या पृष्ठाजवळच्या लायसिनवर बसली तर बंधनच बदलतात. सरासरी खूण एकाहून फार वाढू देऊ नये, कारण दाट भरलेल्या पृष्ठभागावर शेजारशेजारचे रंगरेणू एकमेकांची चमक विझवतात आणि भरलेला तंतू अर्धवट भरलेल्यासारखा दिसतो. न जोडले गेलेले रंगद्रव्य जेल गाळणीने पूर्ण काढावे, आणि ते निघाल्याची खात्री एसडीएस जेल फ्लुरोसन्समध्ये पाहून करावी. ते सेल्युलोजला न चिकटता द्रवातच राहिले तर उरलेले प्रथिन फुगवून दाखवते.

खुणेने बंधन बदलले आहे का, याची चाचणी सोपी आहे. एकूण प्रथिन तेवढेच ठेवून त्यात खूण लावलेल्या आणि न लावलेल्या प्रथिनाचे प्रमाण बदलत जावे. दोन्ही सारखीच चिकटत असतील, तर खूण लावलेल्या प्रथिनाचा चिकटणारा अंश प्रत्येक मिश्रणात एकच येईल. तो बदलू लागला तर वक्रातून काढलेला कोणताही आकडा मूळ प्रथिनाला लावता येणार नाही. ही चाचणी ईजीएफपी आणि एमचेरीच्या जोडप्रथिनांवरही, नुसता सीबीएम ३ए समोर ठेवून, करावी.

तंतूची कड स्पष्ट दिसावी म्हणून कॅल्कोफ्लुओर व्हाइट हे चमकणारे रंगद्रव्य घालण्याचा मोह होईल. ते स्वतः सेल्युलोजला चिकटते, म्हणून मोजणीच्या नमुन्यात ते घालू नये. हवे असल्यास मोजणी संपल्यावर घालून दुसरे चित्र घ्यावे.

धागादोरा

५.०८ हा आकडा पाहून वाटते की कॉस्टिक अजून आत आहे. मर्सराइझ केलेले तंतू नुसत्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुण्याऐवजी आधी फार विरल अ‍ॅसेटिक आम्लात तासभर ठेवावेत, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावेत आणि शेवटी प्रयोगाच्याच बफरमध्ये रात्रभर ठेवून तो बफर टाकून द्यावा. साध्या कापसालाही अगदी हेच करावे, नाहीतर दोन नमुन्यांत आम्ल लागल्या-न लागल्याचा नवा फरक शिरेल. त्यानंतर पीएच दोन्हींत सारखा आला, की वरच्या द्रवाचे पीएच ८ ला विरल केलेले मोजमाप आणि दर मिलिमीटर तंतूची चमक यांची पहिली तुलना एकाच संहतीला, शक्यतो १ मायक्रोमोलरला, करून पाहावी. सर्व संहत्यांचा वक्र त्यानंतर घ्यावा.